ऑटोमेटेड लिनक्स इन्स्टॉलेशन आणि नेटवर्क इंटरफेसची बदलती नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका रात्री आम्ही ४० सर्व्हरवर एकाच किकस्टार्ट फाईलने (रेड हॅट घराण्याच्या इन्स्टॉलरला सगळी उत्तरं आधीच देणारी फाईल) इन्स्टॉलेशन लावलं. सकाळी ३७ सर्व्हर नेटवर्कवर हजर होते, ३ गायब. इन्स्टॉलेशन त्यांचंही पूर्ण झालं होतं. डिस्क ठीक, बूट ठीक, लॉगिनची पाटी समोर, फक्त आयपी ॲड्रेस नाही. फाईलमध्ये लिहिलेलं इंटरफेसचं नाव, म्हणजे लिनक्स नेटवर्क पोर्टला देतो ते नाव, त्या तिघांवर अस्तित्वातच नव्हतं. त्या दिवसापासून हा विषय मी मनावर घेतला. तेव्हापासून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आज्ञा, फायली आणि पर्यायांची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत; मशीनवर अर्थातच ती रोमन लिपीत टाइप करायची.

इन्स्टॉल करताना कार्ड इथ० होतं, रीबूटनंतर ईएनपी३एस० झालं. असं का?

कारण इन्स्टॉलर आणि इन्स्टॉल झालेली सिस्टिम ही दोन वेगळी लिनक्स आहेत. इन्स्टॉलरचा कर्नल वेगळा, त्यातला यूडेव्ह (हार्डवेअर ओळखून त्याला नाव देणारा प्रोग्राम) वेगळा, बूट करतानाचे पर्यायही वेगळे. इंटरफेसचं नाव डिस्कवर कुठे साठवलेलं नसतं. प्रत्येक बूटला ते नव्याने काढलं जातं आणि काढणारा बदलला की उत्तरही बदलू शकतं.

यातली सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक अशी : इन्स्टॉलर सुरू करताना कुणीतरी बूट ओळीत 'नेट.आयएफनेम्स=०' (यूडेव्हची नवी नावं बंद करणारा पर्याय) टाकतो. इन्स्टॉलर इथ० पाहतो आणि नेटवर्कच्या फाईलमध्ये इथ० लिहून मोकळा होतो. तो पर्याय मात्र इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमच्या ग्रबमध्ये, म्हणजे बूटलोडरमध्ये, पोचेलच असं नाही. पोचला नाही तर रीबूटनंतर कर्नल कार्डाला इथ० म्हणतो, यूडेव्ह लगेच त्याचं ईएनपी३एस० करतो, आणि इथ०साठी लिहिलेलं कॉन्फिगरेशन कुणालाच लागू होत नाही.

हे नाव ठरतं तरी कसं?

आधी जुनी पद्धत समजून घेऊ. कर्नलला ड्रायव्हर ज्या क्रमाने कार्ड दाखवतो, त्या क्रमाने इथ०, इथ१, इथ२ अशी नावं मिळतात. ड्रायव्हर समांतर लोड होत असल्याने हा क्रम म्हणजे शर्यत असते. आज जे कार्ड पहिलं आलं ते उद्याही पहिलं येईल याची हमी नाही. त्यावर उपाय म्हणून यूडेव्ह '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' नावाच्या फाईलमध्ये मॅक ॲड्रेस (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) आणि नाव यांची जोडी लिहून ठेवायचा. पण कर्नल ज्या नावांचं वाटप करतोय त्याच नावांमध्ये यूडेव्हने अदलाबदल करायची, हा प्रकार मुळातच अडचणीचा होता. 'रीनेम२' अशी विचित्र नावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी ही शर्यत अर्ध्यात अडकलेली पाहिली आहे.

सिस्टमडीच्या (यूडेव्ह ज्याचा भाग आहे तो सिस्टिम चालवणारा संच) १९७व्या आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली, नवी पद्धत आली. त्याआधी डेलने बनवलेलं बायोसडेव्हनेम होतंच. ईएम१ आणि पी१पी१ ही नावं त्याची. नव्या पद्धतीत यूडेव्ह एकामागून एक पर्याय तपासतो. फर्मवेअरने मदरबोर्डवरच्या पोर्टला क्रमांक दिला असेल तर ईएनओ१. तो नसेल आणि स्लॉटचा क्रमांक मिळत असेल तर ईएनएस१. तोही नसेल तर पीसीआय बसवरचा पत्ता, म्हणजे ईएनपी३एस०. यूएसबी अडॅप्टरला डेबियन आणि उबंटूवर मॅकवरून नाव मिळतं, ज्याची सुरुवात ईएनएक्सने होते.

ईएनपी१०एस०एफ१ असं नाव दिसलं तर बस १०, स्लॉट ०, फंक्शन १ असं वाचायचं. इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची यादी देणारी आज्ञा) बसचा क्रमांक सोळाच्या पायावर दाखवतो आणि इंटरफेसच्या नावात तो दहाच्या पायावर येतो. एलएसपीसीआयमधलं '०ए' म्हणजे नावातलं १०. ही जुळणी माहीत नसल्यामुळे भलत्याच कार्डाची केबल उपटलेली मी पाहिली आहे.

मग यांना 'प्रेडिक्टेबल' नावं का म्हणतात? आमची तर बदलतात.

शब्द नीट घ्यायला हवा. हार्डवेअर तेच, फर्मवेअर तेच, कर्नल आणि सिस्टमडी तेच, तर नाव तेच : एवढंच वचन आहे. यातलं काही हललं तर नाव हलू शकतं. आणि ऑटोमेटेड इन्स्टॉलेशनमध्ये नेमकं हेच सगळं हलत असतं.

पहिलं कारण बसचा क्रमांक. तो कार्डावर छापलेला नसतो, बूटच्या वेळी मोजणी करून दिला जातो. वाटेत एक नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकाने सरकू शकतात. ईएनपी३एस० सकाळी ईएनपी४एस० होतं. सुरुवातीला सांगितलेल्या त्या ३ सर्व्हरमध्ये हेच झालं होतं. ऑर्डर एकच, मॉडेल एकच, पण त्या तिघांत जादा स्टोरेज कंट्रोलर होता.

दुसरं कारण फर्मवेअर. बायोस अपडेटनंतर ऑनबोर्ड क्रमांक नव्याने दिसू लागला किंवा नाहीसा झाला तर ईएनपीचं ईएनओ होतं, किंवा उलट.

तिसरं कारण ड्रायव्हर. काही कार्डांचे ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये पोर्टचं नाव कळवायला लागले आणि ईएनपी१एस०एफ०च्या शेपटीला एनपी० चिकटलं. इन्स्टॉलर जुन्या कर्नलवर आणि इन्स्टॉल झालेली सिस्टिम नव्या कर्नलवर असेल, तर हा फरक पहिल्याच रीबूटला समोर येतो.

चौथं कारण सिस्टमडी स्वतः. नाव काढण्याचे नियम आवृत्तीगणिक सुधारत गेले आहेत. उदाहरणार्थ, एकाच पीसीआय ब्रिजमागे अनेक नेटवर्क कंट्रोलर असतील तर २४७व्या आवृत्तीपासून त्यांना स्लॉटवरून नाव देणं थांबलं, कारण सगळ्यांचा स्लॉट एकच निघायचा.

मग 'नेट.आयएफनेम्स=०' टाकून इथ०वर परत जावं का?

ज्या मशीनमध्ये एकच नेटवर्क कार्ड आहे आणि कायम एकच राहणार आहे, तिथे हे चालतं. अनेक व्हर्च्युअल मशीन अशीच असतात आणि तिथे मी याला हरकत घेत नाही.

दोन किंवा जास्त कार्डं असतील तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. तुम्ही नावाची अडचण सोडवलेली नसते, ती शर्यतीवर सोपवलेली असते. १०० वेळा बूट झाल्यावर १०१व्या वेळी इथ० आणि इथ१ जागा बदलतील आणि आतल्या नेटवर्कचा आयपी बाहेरच्या केबलवर जाईल. ही चूक मशीन बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण मशीन चालू दिसतं.

तरीही वापरायचं ठरवलंत तर दोन्ही ठिकाणी लावा. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये बूट ओळीतल्या तीन आडव्या रेघांच्या आधीचे पर्याय फक्त इन्स्टॉलरसाठी असतात. नंतरचे इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमकडे जातात. किकस्टार्टमध्ये बूटलोडरच्या ओळीत अपेंडखाली तो पर्याय उघड लिहा. इन्स्टॉलर आपणहून पुढे नेईल या भरवशावर राहू नका.

किकस्टार्टमध्ये डिव्हाइस म्हणून काय लिहावं?

नेटवर्कच्या ओळीत डिव्हाइसला चार प्रकारची उत्तरं चालतात : इंटरफेसचं नाव, मॅक ॲड्रेस, 'लिंक' आणि 'बूटइफ'. नाव लिहिणं सर्वांत सोपं आणि सर्वांत कच्चं.

'लिंक' म्हणजे ज्याची केबल जिवंत आहे असा पहिला इंटरफेस. मशीनला एकच केबल लावलेली असेल तर उत्तम. चार केबल असतील तर 'पहिला' म्हणजे कोण, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

'बूटइफ' म्हणजे मशीन ज्या पोर्टवरून पीएक्सईने (म्हणजे नेटवर्कवरून) बूट झालं तोच. बहुतेक ठिकाणी हेच हवं असतं. एक खबरदारी मात्र घ्या. इन्स्टॉलरने योग्य पोर्ट निवडला, तरी इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममधलं प्रोफाइल साधारणपणे त्या वेळच्या नावालाच बांधलं जातं. ते मॅकला बांधायचं असेल तर त्याच ओळीत 'बाइंडटू=मॅक' लिहा. हा पर्याय फार कमी लोक वापरतात आणि त्यामुळे नाहक रात्री जागतात.

प्रत्येक मशीनला वेगळी फाईल द्यायची असेल तर 'इन्स्ट.केएस.सेंडमॅक' हा बूट पर्याय पाहा. किकस्टार्ट फाईल एचटीटीपीने मागताना अॅनाकोंडा (रेड हॅटचा इन्स्टॉलर) मशीनचे मॅक हेडरमधून सर्व्हरला कळवतो. मग कोणत्या मशीनला कोणतं उत्तर द्यायचं हे तुमचा सर्व्हर ठरवू शकतो.

'बूटइफ' दिलं, पण इन्स्टॉलरला पोर्ट ओळखता येत नाही.

ही माहिती बूटलोडरने कर्नलच्या ओळीत टाकावी लागते. ती आपोआप येत नाही. पीएक्सईलिनक्समध्ये त्यासाठी 'आयपीअपेंड २' लिहितात. मग ओळीत बूटइफ आणि पुढे ०१ लावलेला मॅक येतो. ते ०१ म्हणजे इथरनेटचा हार्डवेअर प्रकार. तो मॅकचा भाग समजून स्क्रिप्ट लिहिली की एकही कार्ड जुळत नाही.

यूईएफआय मशीनवर ग्रबने बूट करत असाल तर आयपीअपेंड तिथे नाही. ग्रबच्या 'नेट_डीफॉल्ट_मॅक' या व्हेरिएबलवरून ती ओळ स्वतः तयार करावी लागते. त्यात मॅक आडव्या रेघांऐवजी अपूर्णविरामांनी तोडलेला असतो, म्हणून तुमच्या स्क्रिप्टने दोन्ही रूपं स्वीकारायला हवीत. आयपीएक्सईमध्ये रेघांचं रूप थेट मागता येतं.

डेबियनच्या प्रीसीडमध्ये इंटरफेस 'ऑटो' लिहिला तरी इन्स्टॉलर विचारतोच.

प्रीसीड, म्हणजे डेबियन इन्स्टॉलरची उत्तरांची फाईल, नेटवर्कवरून येत असेल तर नेटवर्क लागल्याशिवाय ती वाचलीच जात नाही. त्यामुळे तिच्यातलं इंटरफेसचं उत्तर उशिरा पोचतं. 'इंटरफेस=ऑटो' बूट ओळीतच द्या.

उबंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये?

तिथे नेटवर्कचा भाग नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनच्या) भाषेत लिहायचा असतो आणि ही भाषा या कामाला चांगली आहे. 'मॅच'खाली मॅक ॲड्रेस द्या, 'सेट-नेम'खाली तुम्हाला हवं ते नाव. इथरनेट्सखालची जी किल्ली असते ती, मॅच दिलं असेल तेव्हा, निव्वळ ओळखचिठ्ठी ठरते. ती इंटरफेसचं नाव असायची गरज नाही.

सगळ्या मशीनना एकच फाईल हवी असेल तर मॅचमध्ये नाव म्हणून 'ईएन*' लिहून डीएचसीपी (आयपी आपोआप घेणं) चालू करता येतं. पण मग केबल नसलेल्या पोर्टवरही सिस्टिम वाट पाहत बसते. वेट-ऑनलाइन सेवेची मुदत मुळात १२० सेकंदांची असते. अशा पोर्टना 'ऑप्शनल' खरं करा, नाहीतर प्रत्येक बूटला दोन मिनिटं जातील आणि लोक मशीन अडकलं समजून बटण दाबतील.

किकस्टार्टच्या %प्री स्क्रिप्टमध्ये (ती इन्स्टॉलेशनच्या आधी चालते) केबल लावलेला पोर्ट शोधायचा आहे. कॅरिअर वाचताना एरर का येते?

/सिस/क्लास/नेट खाली प्रत्येक इंटरफेसच्या फोल्डरमध्ये कॅरिअर नावाची फाईल असते. केबल जिवंत असेल तर १, नाहीतर ०. पण इंटरफेस बंद असताना ती वाचली की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' मिळतं. आधी 'आयपी लिंक सेट' करून प्रत्येक इंटरफेस अप करा, काही सेकंद थांबा, मग वाचा. मी १० सेकंद थांबतो. काही १० गिगाबिट कार्डांना लिंक जुळवायला वेळ लागतो.

खरी कार्डं आणि आभासी इंटरफेस वेगळे करायला 'डिव्हाइस' नावाची लिंक त्या फोल्डरमध्ये आहे का ते पाहा. लूपबॅक, ब्रिज, बाँड (अनेक कार्डं जोडून केलेला एक इंटरफेस) यांना ती नसते. सापडलेल्या कार्डाचा मॅक घेऊन नेटवर्कची ओळ /टेम्प मधल्या एका फाईलमध्ये लिहा आणि ती मुख्य किकस्टार्टमध्ये %इन्क्लूड करा. माझ्या अनुभवात एवढी १५-२० ओळींची स्क्रिप्ट सगळ्यात जास्त त्रास वाचवते.

लिंक १ दिसते पण डीएचसीपी मिळत नाही, असं झालं तर स्विचकडे बघा. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ नये म्हणून स्विच वापरतो ती पद्धत) पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच पॅकेट पुढे सोडतो. तो नावाचा प्रश्न नाही.

स्वतःचं कायमचं नाव कसं द्यायचं?

/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये डॉट लिंक प्रकारची फाईल करायची, उदाहरणार्थ '१०-लॅन०.लिंक'. मॅच विभागात ओळख, लिंक विभागात नाव. फायली नावाच्या क्रमाने तपासल्या जातात आणि पहिली जुळलेली फाईल लागू होते. बाकीच्यांकडे पाहिलंही जात नाही. म्हणून सुरुवातीचा आकडा ९९पेक्षा लहान हवा, कारण मूळ नियम ९९ क्रमांकाच्या फाईलमध्ये आहेत.

नाव निवडताना इथ किंवा डब्ल्यूलॅनने सुरू होणारं काहीही नको. कर्नल तीच नावं वाटत असतो आणि आपण पुन्हा २०१३च्या आधीच्या शर्यतीत जातो. लॅन०, मॅनेज०, स्टोअर० अशी कामाची नावं द्या. वाचणाऱ्यालाही कळतं.

ओळख म्हणून 'मॅकॲड्रेस' लिहिलंत तर एक खड्डा आहे. बाँड, ब्रिज आणि व्हीलॅन (एकाच केबलवरचं वेगळं आभासी नेटवर्क) आपल्या खालच्या कार्डाचाच मॅक घेतात, त्यामुळे नियम त्यांनाही जुळू शकतो. नव्या सिस्टमडीत यासाठी 'पर्मनंटमॅकॲड्रेस' आहे, तो वापरा. आभासी इंटरफेसना कायमचा मॅक नसतो.

फाईल लिहून झाली की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी सिस्टिम) पुन्हा बनवायलाच हवा : डेबियन-उबंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', रेड हॅट घराण्यात 'ड्राकट -एफ'. कार्डाचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये असेल तर नाव तिथेच ठरतं आणि तिथल्या यूडेव्हला तुमची नवी फाईल दिसत नसते. इन्स्टॉलेशनच्या शेवटच्या टप्प्यातल्या स्क्रिप्टमध्ये फाईल टाकणारे ही पायरी हमखास विसरतात. मग पहिल्या बूटला नाव जुनं, आणि कर्नल अपडेटच्या निमित्ताने इनिटरॅमएफएस नव्याने बनला की महिन्याभराने अचानक नवं.

रेड हॅटवर 'प्रीफिक्सडेव्हनेम' नावाचं पॅकेजही आहे. 'नेट.आयएफनेम्स.प्रीफिक्स=नेट' असं इन्स्टॉलेशनच्या वेळीच दिलं तर कार्डांना नेट०, नेट१ अशी नावं मिळतात आणि त्यांच्या लिंक फायली तोच लिहून ठेवतो. चालू सिस्टिमवर नंतर हा प्रयोग करू नका.

मॅकला बांधू की जागेला?

तुमच्याकडे प्रत्येक मशीनच्या मॅकची नोंद असेल आणि ती खरोखर अद्ययावत असेल, तर मॅक. बसचा क्रमांक सरकला तरी मॅक हलत नाही.

पण विचार करा, मदरबोर्ड खराब झाला आणि रात्री कुणी तंत्रज्ञ येऊन नवा बसवून गेला. ऑनबोर्ड पोर्टचा मॅक बदलला, तुमचा नियम जुळला नाही, मशीन गेलं. जिथे कार्ड बदलणारा माणूस आणि कॉन्फिगरेशन सांभाळणारा माणूस वेगळे आहेत तिथे मी जागेला, म्हणजे लिंक फाईलमधल्या 'पाथ'ला बांधतो. अट एवढीच की त्या मशीनमध्ये कार्डांची भर पडणार नसावी.

बाँड केल्यावर दोन्ही कार्डांचा मॅक सारखाच दिसतो. खरा कसा शोधू?

'ईथटूल -पी', यातला पी कॅपिटल. तो कार्डावरचा कायमचा मॅक दाखवतो. लहान पी दिलात तर पोर्टचा दिवा लुकलुकतो. रॅकसमोर उभ्या असलेल्या माणसाला नेमका पोर्ट दाखवायला तेही फार उपयोगी.

टेम्प्लेटवरून क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क लागत नाही.

टेम्प्लेटमध्ये जुना मॅक कुठेतरी लिहिलेला राहिला आहे. जुन्या सिस्टिमवर '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' पुसा, क्लोनला इथ१ मिळण्याचं ते ठरलेलं कारण. नव्यांवर लिंक फायली, नेटवर्क मॅनेजरचे प्रोफाइल, आणि उबंटू असेल तर क्लाउड-इनिटने लिहिलेली नेटप्लॅनची फाईल तपासा.

व्हर्च्युअल मशीनचं नाव तिच्या आभासी हार्डवेअरवर ठरतं, हेही लक्षात असू द्या. व्हीएमवेअरवर दिसणारं ईएनएस१९२ हे आभासी स्लॉट १९२वरून येतं. केव्हीएमवर मशीनचा प्रकार आय४४०एफएक्स असेल तर सहसा ईएनएस३ दिसतं, क्यू३५ असेल तर ईएनपी१एस०. एका प्रकारावर बनवलेली इमेज दुसऱ्यावर चालवली की नाव बदललंच.

अपग्रेडनंतर नाव बदलू नये म्हणून काय करता येतं?

सिस्टमडी २४०पासून 'नेट.नेमिंग-स्कीम' हा बूट पर्याय आहे. त्यात एखाद्या आवृत्तीचे नियम गोठवता येतात. रेड हॅट स्वतःच्या नावाने स्कीम ठेवते. यामुळे नियम बदलण्याचं कारण संपतं. कर्नल, फर्मवेअर आणि बसचे क्रमांक मात्र याच्या आवाक्यात नाहीत. स्वतःची लिंक फाईल असेल तर याची गरजही उरत नाही.

मशीन कन्सोलवर आहे, नेटवर्क नाही. पहिल्यांदा काय पाहू?

'डीमेसेज'मध्ये 'रीनेम्ड फ्रॉम' शोधा. इथ०चं नाव कोणी, कितव्या सेकंदाला आणि काय केलं ते एका ओळीत मिळतं. मग 'यूडेव्हॲडम टेस्ट-बिल्टइन नेट_आयडी' त्या इंटरफेसच्या सिस पाथवर चालवा. ऑनबोर्ड, स्लॉट, पाथ आणि मॅक यांपैकी कोणती नावं उपलब्ध आहेत आणि कोणती स्कीम चालू आहे हे तो सांगतो. हीच आज्ञा इन्स्टॉलरच्या शेलमध्येही चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की फरक कुठे पडला ते दिसतं. मी ही आज्ञा %प्री आणि %पोस्टमध्ये घालून लॉग जपून ठेवतो.

नाव बरोबर आहे, पण व्हीलॅन इंटरफेस तयारच होत नाही.

लांबी मोजा. इंटरफेसचं नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असू शकतं. ईएनपी१२९एस०एफ१एनपी१ हे रोमनमध्ये १३ अक्षरांचं नाव. त्यापुढे टिंब आणि व्हीलॅन १० लावलं की १६ होतात. मॅकवरून आलेलं ईएनएक्सचं नाव तर मुळातच नेमकं १५ अक्षरांचं असतं, त्याला टिंबही लावायला जागा नाही. व्हीलॅनला वेगळं छोटं नाव द्या, किंवा खालच्या कार्डालाच लिंक फाईलने लॅन० करून टाका.